वाचनालयाच्या कोपऱ्यातलं नवं गाव

"सतरावं शतक चालू आहे सध्या आठवीला. जमेल तुम्हाला?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, तेव्हा मला हसूच आलं.

"बाई, सतरावं शतक म्हणजे माझा हातखंडा विषय," मी म्हटलं.

मी जुन्नरची. शिवनेरीच्या पायथ्याशी लहानाची मोठी झालेली, इतिहासात एम. ए. केलेली, लग्नानंतरही काही वर्षं गावातल्या शाळेत इतिहास शिकवलेली. नवरा सिव्हिल इंजिनियर. बांधकामाच्या मोठ्या कामावर तो तबूकला आला आणि त्याच्या मागोमाग मी आणि आमची लेक. तबूक म्हणजे सौदीचा वायव्येकडचा कोपरा. रियाधसारखी मराठी मंडळींची वर्दळ इथं नाही. दोन-चार कुटुंबं, तीही एकमेकांपासून लांब. घरी बसून कंटाळले, म्हणून लेकीच्याच शाळेत बदली शिक्षिका म्हणून जाऊ लागले. अमेरिकन अभ्यासक्रमाची लहानशी शाळा, मुलींचा विभाग वेगळा, मुख्याध्यापिका जॉर्डनच्या. आठवीला इतिहास शिकवणाऱ्या अमेरिकन बाई मुलीच्या बाळंतपणासाठी मायदेशी गेल्या आणि तो वर्ग माझ्याकडे आला.

संध्याकाळी पुस्तक उघडलं. त्यात ना किल्ला, ना घोडा, ना तलवार. अटलांटिक महासागर, लाकडी जहाज, काळे कपडे, पांढऱ्या कॉलरी, आणि इंग्लंड सोडून अमेरिकेत वसाहत करायला निघालेली माणसं. मी नवऱ्यापुढे पुस्तक धरलं. त्यानं चाळलं आणि म्हणाला, "अगं, शतक तेच आहे. फक्त समुद्र चुकला."

आता शब्द देऊन बसले होते. मग वाचायला लागले. आणि खरं सांगायचं तर दोन दिवसांत त्या काळ्या कपड्यांतल्या माणसांनी मला पकडूनच ठेवलं. आपल्या देशातलं चर्च बिघडलंय, देवाची भक्ती आपल्याला आपल्या पद्धतीनं करता येत नाही, म्हणून ही माणसं बायकापोरांसह समुद्र ओलांडून गेली. पहिल्या हिवाळ्यात कितीतरी जण मेले. मागे राहिलेल्यांना तिथल्या मूळ रहिवाशांनी मका कसा लावायचा ते शिकवलं. जरा स्थिरस्थावर झाल्यावर मात्र याच मंडळींनी ठरवलं, की आता इथं भक्ती होईल ती फक्त आमच्याच पद्धतीनं. वेगळं बोलेल त्याला हाकलून द्यायचं. मी वाचत बसले आणि कुकरमधलं वरण खाली लागलं. लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, समथिंग इज बर्निंग!" आणि मी तिला म्हटलं, "थांब गं, एकाला आत्ता कुठे हद्दपार करतायत."

पहिले दोन तास मात्र फसले. मी भक्तिभावानं शिकवत होते आणि मुली जांभया देत होत्या. त्यात माझी लेकही होती. शाळेत तिनं मला 'मिस' म्हणायचं असं आमचं ठरलं होतं, पण जांभई द्यायची नाही असं काही ठरलं नव्हतं. तिच्या शेजारी तिची जिवलग मैत्रीण, इथलीच, तबूकची. बोलायला फटकळ, हसायला मोठी, प्रत्येक वाक्यावर एक प्रश्न विचारणारी. तीही खिडकीबाहेर बघत होती.

वर्गाच्या मागच्या भिंतीला खुंट्या होत्या आणि त्यांवर मुलींचे काळे अबाया, म्हणजे पायघोळ झगे, टांगलेले असत. घरी जाताना त्या ते अंगावर चढवत. माझी नजर एकदा पुस्तकातल्या चित्रावर गेली, मग त्या खुंट्यांवर गेली, आणि मी फळ्यावर लिहिणं थांबवलं.

"उठा सगळ्या," मी म्हटलं. "अबाया घाला."

"मिस, सुट्टी?"

"सुट्टी नाही. जहाज किनाऱ्याला लागलंय."

वहीच्या कोऱ्या कागदांच्या कॉलरी कापल्या, टाचण्या लावल्या. पाच मिनिटांत माझ्यासमोर सतराव्या शतकातली अख्खी वसाहत उभी राहिली. मुली एकमेकींकडे बघून लोटपोट हसत होत्या. मी चिठ्ठ्या टाकल्या. माझी लेक वसाहतीची गव्हर्नर झाली. तिची मैत्रीण झाली तो धर्मोपदेशक, ज्याला पुढं हद्दपार करतात. एका सुदानी मुलीला मूळ रहिवाशांच्या प्रमुखाची चिठ्ठी आली. ही अतिशय शांत मुलगी. वडील इथल्या इस्पितळात डॉक्टर. वर्गात तिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. उरलेल्या झाल्या वसाहतवाले.

नियम सोपा होता. आठवड्यातला एक तास वसाहतीचा. पुस्तकात जे घडलंय ते आपण घडवायचं, पण बोलायचं आपल्या मनानं.

माझ्या पोटी केवढी कडक हुकूमशहा जन्माला आली आहे, हे मला त्या तासांत कळलं. माझ्या खुर्चीवर बसून ती वटहुकूम काढायची. सभेला सगळ्यांनी यायचंच. सभेत हसायचं नाही. पेंगायचं नाही. एका फिलिपिनो मुलीनं हात वर करून विचारलं, "ख्रिसमस तरी?"

"बंद," गव्हर्नर म्हणाली.

"पण आपण ख्रिश्चन आहोत ना?"

गव्हर्नर गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, की बाई गं, खरंच बंद होता. नाताळ साजरा करायचं बायबलात सांगितलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलींचा विश्वासच बसेना. त्या दिवसापासून जांभया बंद झाल्या.

शाळेत बातमी पसरायला वेळ लागत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. चहा मागवला. मग हळूच म्हणाल्या, "तुमचा तास मुलींना फार आवडतोय असं ऐकते. पण त्यात धर्म आहे. जपून हं."

"पुस्तकात आहे तेवढंच आहे, बाई," मी म्हटलं. "तुम्ही स्वतःच येऊन बसा की."

मी त्यांना बोलावलं खरं. आमच्या घरी देव आहेत ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात. सकाळी दार उघडून निरांजन ओवाळायचं आणि दार लावायचं. कुणी कधी काही म्हटलं नव्हतं, पण आपण परक्या मुलखात आहोत ही जाणीव अंगावरच्या कपड्यासारखी सोबत असतेच. शाळेत धर्मावरून काही वाद झाला तर तो मला नको होता.

बाई आल्या, आणि आल्या त्या नेमक्या खटल्याच्या दिवशी. मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या.

मैत्रीण पुढं आली. पांढरी कॉलर जरा तिरकी झाली होती. तिनं एकदा मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं, खाकरली आणि सुरुवात केली. "गव्हर्नरसाहेब, ही जमीन आपल्याला राजानं दिली असं तुम्ही म्हणता. राजा कुठे राहतो? लंडनला. त्यानं ही जमीन कधी पाहिली तरी आहे? इथं राहणाऱ्यांना कुणी विचारलं का?" सगळ्या माना सुदानी मुलीकडे वळल्या. तिनं नाही म्हणून मान हलवली. "आणि दुसरं. माणूस देवाशी काय बोलतो ते त्या दोघांतलं आहे. त्यात गव्हर्नरनं कान लावायचं काम नाही."

हे दोन्ही मुद्दे पुस्तकातलेच होते, पण तिच्या तोंडून ते असे आले की जणू आत्ताच तिला सुचले. मी चोरून मागे पाहिलं. मुख्याध्यापिकाबाई पुढं झुकून ऐकत होत्या.

माझी लेक उठली. गाल लाल झालेले. अधिकार मात्र तिचाच होता. तिनं टेबलावर डस्टर आपटलं. खडूची धूळ उडाली.

"खलास! तू या वसाहतीत राहायचं नाहीस. यल्ला, बाहेर!"

मुख्याध्यापिकाबाई इतक्या जोरात हसल्या, की शेजारच्या वर्गातल्या शिक्षिका दारात येऊन उभ्या राहिल्या. "सतराव्या शतकातले इंग्रज अरबीत खलास, यल्ला म्हणत होते, हे मला ठाऊक नव्हतं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. जाताना माझ्या दंडाला हात लावून गेल्या.

हद्दपार झालेली मैत्रीण वाचनालयात गेली. वाचनालय म्हणजे आमच्या वर्गाला लागूनच असलेली लांबट खोली. तिच्या टोकाला खिडकीखाली गालिचा आणि उशा टाकलेला एक कोपरा होता. तिथं नवं गाव वसवायचं असं तिनं जाहीर केलं.

"कुणाला विचारलंस?" मी म्हटलं.

ती थबकली. मग सुदानी मुलीपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला तुझ्याकडे राहू देशील?"

त्या शांत मुलीनं आधी खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं, नुसती मान हलवेल. पण ती बोलली. "राहा. पण ती खिडकी आमची आहे. आम्ही येऊन तिथं बसणार, बाहेर बघणार. तुम्ही कुंपण घालायचं नाही."

"नाही घालणार."

"मग राहा."

मी हे तिला शिकवलं नव्हतं. पुस्तकातही इतकं नव्हतं. जमीन दिली म्हणजे ती कायमची विकली असं त्या मूळ रहिवाशांच्या मनात नसायचं, हे मी नंतर वाचलं, आणि मला त्या मुलीचं फार नवल वाटलं.

नव्या गावात हसायला परवानगी होती. कुणीही यावं, कुणीही कसंही देवाचं नाव घ्यावं, न घ्यावं. पुढच्या तासाला दोघी सटकल्या. त्याच्या पुढच्या तासाला आणखी काही जणी. वाचनालयातून खिदळण्याचे आवाज यायचे आणि माझ्या वर्गात गव्हर्नर, तिची खुर्ची आणि नियम पाळायची सवय असलेली एक मुलगी एवढंच उरलं.

खेळ होता तोवर ठीक होतं. मग मैत्रीण डबाही तिथंच खायला लागली, बाकीच्याही तिच्याभोवती जमू लागल्या, आणि माझ्या लेकीला कुणी बोलावलं नाही. तीही गेली नाही. शाळेतून घरी येताना गाडीत ती काचेला डोकं टेकवून बसली होती.

"काय झालं गं?"

"नथिंग."

सिग्नलला थांबलो तेव्हा ती फुटली. "आपने ही बोला था ना स्ट्रिक्ट रहने को! अब सब लोग वहाँ हैं. वो मुझसे बात भी नहीं कर रही." भांडताना आमची लेक हिंदीत जाते आणि मला 'आप' म्हणते. त्यावरून ओळखायचं, प्रकरण गंभीर आहे.

"तू बोललीस का तिच्याशी?"

"मैं कैसे बोलूँ? मैंने निकाला है उसको."

घरी आल्यावर मी तिला जवळ बसवलं आणि मला नुकतीच कळलेली गोष्ट सांगितली. त्या खऱ्या वसाहतीतही असंच झालं होतं. त्या धर्मोपदेशकाला इंग्लंडला परत धाडायचं ठरलं होतं. पण वसाहतीच्या कारभाऱ्यांतला एक जण, जो आधी गव्हर्नर होता आणि पुढंही झाला, त्यानं त्याला गुपचूप निरोप पाठवला, की अमुक दिशेला जा, तिथं आपल्या लोकांचा हक्क चालत नाही, तिथं तू सुरक्षित राहशील. भर हिवाळ्यात, बर्फातून तो माणूस निघाला. मूळ रहिवाशांनी त्याला आपल्या घरात घेतलं, म्हणून जगला.

लेक सरळ बसली. "मतलब, वो दोस्त थे?"

"होते. मतं पटत नव्हती. पण पुढं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलणं ठेवलं त्यांनी."

ती उठून गेली. थोड्या वेळानं तिच्या खोलीतून तिचा बाबा आणि ती काहीतरी खेळत असल्याचा आवाज यायला लागला, तेव्हा मला हायसं वाटलं.

जानेवारीत जबल अल लौजवर बर्फ पडलं. सौदी म्हटलं की सगळ्यांना वाळू आठवते, पण तबूकच्या या डोंगरावर हिवाळ्यात कधी कधी खरोखर बर्फ पडतं, आणि पडलं की अख्खं शहर गाड्या काढून तिकडे धावतं. बायका, म्हातारी माणसं, तान्ही मुलं, किटल्या, सतरंज्या, सगळं घेऊन. शुक्रवारी आम्हीही निघालो. मी तिखट-मिठाच्या पुऱ्या केल्या, थर्मासमध्ये चहा भरला, गावाकडून आणलेले सगळे स्वेटर चढवले. नवरा म्हणाला, "आपण बर्फ बघायला चाललोय की तिथंच राहायला?"

डोंगराच्या पायथ्याशी मुख्य रस्ता सोडून तो जरा आडवाटेला वळला, जवळचा मार्ग म्हणून, आणि आमची गाडी ओल्या वाळूत रुतली. चाक फिरे, चिखल उडे, गाडी जागची हलेना. वारा असा की कान तुटून पडतील. आम्ही तिघं ढकलत होतो तेवढ्यात एक पांढरा पिकअप येऊन थांबला. त्यातून फरचा जाड अंगरखा घातलेले, पांढऱ्या दाढीचे एक आजोबा उतरले. त्यांच्या मागून लाल टोपी घालून उतरली ती लेकीची मैत्रीण.

आजोबा लष्करातून निवृत्त झालेले. आता शहराबाहेर त्यांची शेती होती, हे मला मैत्रिणीकडून ठाऊक होतं, पण भेट पहिलीच. त्यांनी आमच्याकडे, मग चाकाकडे पाहिलं, दोर काढला, आणि सलाम-दुवा पूर्ण व्हायच्या आत गाडी बाहेर काढली. मग हातानं खूण करत म्हणाले, "यल्ला, यल्ला, आधी शेकोटीपाशी."

त्यांचा तंबू वर, बर्फाच्या कडेला होता. आत घरातल्या बायका, बाहेर मोठी शेकोटी, तिच्यावर काळी पडलेली किटली. आम्हाला बसवलं, हातात कहव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, लहान पेले दिले, खजूर पुढं केला. दोन्ही मुली मात्र अजून बाहेर उभ्या होत्या, समोरासमोर, बर्फात, एकमेकींच्या बुटांकडे बघत. मला त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

लेक म्हणाली, "माझ्याकडे गव्हर्नरचा एक गुप्त निरोप आहे."

"काय?"

"दक्षिणेला जा. तिकडचे लोक चांगले आहेत. तिथं तुला कुणी पकडणार नाही."

मैत्रिणीनं लाल टोपी मागे सारली. मग म्हणाली, "मी कधीच पोचले तिथं. निरोपाला किती उशीर!"

"गव्हर्नर घाबरली होती."

"कुणाला?"

"तुलाच."

मैत्रिणीनं खाली वाकून मूठभर बर्फ उचललं आणि माझ्या लेकीच्या मानेत घातलं. जी किंकाळी उठली, ती मला वाटतं तबूकपर्यंत गेली असेल. त्यानंतरचा अर्धा दिवस त्या दोघी फक्त ओरडत, घसरत आणि लोळत होत्या. माझा नवराही त्यांच्यात सामील झाला.

आजोबांनी विचारलं, हा काय प्रकार आहे? नातीनं धापा टाकत अरबीत सगळी कथा सांगितली. वसाहत, खटला, हद्दपारी, बर्फातला आसरा, सगळं. आजोबा हसून हसून खोकायला लागले. मग माझ्याकडे वळून काही म्हणाले आणि नातीनं ते मला सांगितलं. "आजोबा म्हणतात, थंडीत दारात आलेल्याला आधी आत घ्यायचं. कोण, कुठला, कोणत्या मताचा, हे जेवण झाल्यावर विचारायचं. बर्फात त्या उपदेशकाला घरात घेणाऱ्यांनी बरोबरच केलं." मी पुऱ्यांचा डबा पुढं केला. आजोबांनी एक खाल्ली, तिखट लागून डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसरी घेतली.

पुढच्या तासाला गव्हर्नरनं स्वतःच आपली कॉलर काढून टेबलावर ठेवली आणि वाचनालयात गेली. आधी मैत्रिणीकडे नाही, सुदानी मुलीकडे. "मी येऊ का?" असं तिनं नीट विचारलं. ती नियम पाळणारी शेवटची मुलगी सुटकेचा निःश्वास टाकून तिच्या मागोमाग पळाली.

रमजान आला, ईद झाली, शाळा पुन्हा भरली, आणि मुलींना मका लावायचा होता. पुस्तकात मूळ रहिवाशांची रीत दिली होती. मातीचा लहानसा उंचवटा करायचा, त्यात खतासाठी मासा पुरायचा, वर मक्याचे दाणे. शाळेच्या मागे मातीची एक पट्टी रिकामी होती. मुलींनी घरून मासे आणले, नाक दाबून पुरले, दाणे टोचले, पाणी घातलं, हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो तबूकमधली समस्त मांजरं आमच्या शेतात. सगळे उंचवटे उकरलेले, एक बोका भिंतीवर बसून मिशा चाटतोय, आणि मुख्याध्यापिकाबाई ओढणी नाकाला लावून उभ्या. "तुमच्या त्या वसाहतीत मांजरं नव्हती का?" त्यांनी मला विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं. मासे उकरू नयेत म्हणून कुत्र्यांचा एक पाय बांधून ठेवत असं मी वाचलं होतं, ते सांगितलं. "मग बांधा," त्या म्हणाल्या आणि दोघींनाही हसू आवरेना.

शेवटी मैत्रिणीच्या आजोबांनी त्यांच्या शेतातला एक तुकडा दिला. त्यांना मासा पेरायची कल्पना अजिबात पटली नव्हती. "मासा पेराल तर मासाच उगवेल," असं म्हणत त्यांनी मुलींच्या मासे पुरलेल्या मक्याशेजारीच आपला मका लावला, आपल्या रीतीनं, शेणखत घालून.

दर पंधरवड्याला कुणी ना कुणी मुली शेतावर जाऊन यायच्या. रोप वीतभर झालं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. इकडे वर्गात मी एक धडा सारखा पुढं ढकलत होते. पण तो शिकवणं भाग होतं.

वसाहतवाल्यांची मुलं मोठी झाली, नातवंडं झाली, त्यांना आणखी जमीन हवी झाली. त्यांची गुरं मूळ रहिवाशांच्या मक्यात शिरायला लागली. करार मोडले. मग युद्ध पेटलं. दोन्हीकडची गावं जळाली. पण मूळ रहिवाशांची अशी वाताहत झाली की काही जमाती जवळजवळ संपल्या. पकडलेल्यांना गुलाम म्हणून समुद्रापार विकलं. आणि तो हद्दपार झालेला माणूस, आता म्हातारा झालेला, त्याचं गावही त्यात जळलं. ज्यांनी त्याला जमीन दिली होती, त्यांच्यावर वसाहतवाल्यांनी आधी हल्ला केला होता.

सुदानी मुलगी म्हणाली, "पण मी सांगितलं होतं. कुंपण घालायचं नाही म्हणून."

"मी नाही घातलं," मैत्रीण लगेच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मिस, मी घातलं का?"

"नाही गं. तू नाही."

"मग कुणी?"

"नंतर आलेल्यांनी. हळूहळू. कुणाला वाटलंही नसेल आपण काही वाईट करतोय."

माझ्या लेकीनं हात वर केला. "मिस, वाचनालयात नवीन कपाट आलंय. ते खिडकीसमोर ठेवलंय."

आम्ही सगळ्या गेलो. खरंच, पुस्तकांचं एक मोठं लोखंडी कपाट कुणीतरी सोयीचं म्हणून खिडकीला आडवं लावलं होतं. कोपऱ्यात अंधार झाला होता आणि रोज तिथं बसणाऱ्यांत माझ्या लेकीशिवाय कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मुलींनी पुस्तकं उतरवली, खांदे लावले, मीही लावला. कपाट करकरत सरकलं आणि उन्हाचा मोठा चौकोन गालिच्यावर पडला. सुदानी मुलगी जाऊन खिडकीत बसली. मग तिनं बाकीच्यांना बोलावलं. त्या सगळ्या त्या एका खिडकीत दाटीवाटीनं बसून बाहेर बघत राहिल्या. बाहेर काही नव्हतं, नुसती बसगाड्यांची रांग. पण मधली सुट्टी होईपर्यंत कुणी उठलं नाही.

जूनमध्ये परीक्षा संपल्या आणि कणसं भरली. आजोबांनी सगळ्या वर्गाला, आयांना, मुख्याध्यापिकाबाईंना शेतावर बोलावलं. बाप मंडळी त्यांच्या दिवाणखान्यात बसली. आम्ही बायका आणि मुली खजुरीच्या झाडांमागे, जिथं पाण्याचा मोठा हौद आहे तिथं. मुलींनी आपली कणसं तोडली. काही भरदार होती, काहींवर दाणे विरळ. मी निखारे फुलवले, कणसं भाजली आणि लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून त्यांवर चोळली. हा प्रकार तिथं कुणी पाहिला नव्हता. सुदानी मुलीची आई पहिला घास घेऊन डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "हे मी रोज खाईन." मैत्रिणीच्या आजीनं माझ्या हातून लिंबू काढून घेतलं आणि स्वतःच चोळायला बसली. मला तर हे खाता खाता इतकं बरं वाटत होतं, की आपण कुठल्या देशात आहोत हेच विसरायला झालं.

ऊन चढलं तशा मुली हौदाकडे बघायला लागल्या. पंपाचं गार पाणी, जाड धारेनं त्यात पडत होतं. आधी कुणी पाय सोडले, मग कुणी कुणाला ढकललं, आणि बघता बघता सगळा आठवीचा वर्ग कपड्यांसकट पाण्यात. मुख्याध्यापिकाबाईंनी इकडे-तिकडे पाहिलं, बूट काढले, मोजे घडी करून बुटांत ठेवले आणि काठावर बसून पाय पाण्यात सोडले. "कुणाला सांगायचं नाही," त्या मला म्हणाल्या.

"आई, ये ना गं!" लेक पाण्यातून ओरडली. शाळेच्या मुलींसमोर पहिल्यांदाच तिनं मला मिस म्हटलं नव्हतं. आणि मराठीत हाक मारली होती, पूर्ण, स्वच्छ मराठीत. मी पंजाबी ड्रेसवर होते, ओढणीला गाठ मारली.

"गार आहे का?"

"खूप! ये लवकर!"

मैत्रिणीनं माझा एक हात धरला, लेकीनं दुसरा, आणि मी डोळे मिटून उडी मारली.